योगीराज हलगेकरचा हिवाळा

योगीराज हलगेकरला भेटणाऱ्या माणसानं एवढीच काळजी घ्यावी: "काय म्हणतंय मार्केट?" असं चुकूनही विचारू नये. काहीतरी बोलायचं म्हणून ज्यांनी ज्यांनी हा प्रश्न विचारला, त्यांची संध्याकाळ वाया गेली आहे. बंगळुरातल्या हनुमंतनगरातला इस्त्रीवाला, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातले सहकारी, मराठी मंडळाच्या गणपतीत शेजारच्या खुर्चीवर बसलेले पाहुणे, कुणीही सुटलं नाही. दाढ काढायला गेला होता तेव्हा तोंडात कापसाचा बोळा असतानाही त्यानं डॉक्टरीणबाईंना मंदी येणार असल्याचं सांगितलं, असं त्याची बायको महानंदा शपथेवर सांगते.

आणि मंदी म्हणजे साधीसुधी नव्हे. शेअर दोन महिने पडले आणि पुन्हा चढले, असली किरकोळ मंदी योगीराजच्या खिजगणतीत नव्हती. त्याच्या मते जगाच्या व्यवहाराला पन्नास-साठ वर्षांची एक लांब लाट असते. तिला ऋतू असतात. वसंतात धंदे उभे राहतात, उन्हाळ्यात भाव भडकतात, शरदात सगळ्यांना वाटतं की आपण हुशार आहोत म्हणून श्रीमंत झालो, आणि मग येतो हिवाळा. कर्जं बुडतात, बँका बुडतात, नोकऱ्या जातात. माणसाच्या आयुष्यात हा हिवाळा एकदाच यायचा, त्यामुळे तो कसा असतो हे सांगणारी पिढी तोवर मरून गेलेली असते. यात योगीराजचं स्वतःचं काही नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी रशियातल्या एका माणसानं जुने भाव आणि व्याजाचे दर मांडून हे सांगितलं होतं, आणि जाणकार त्यावर अजून भांडतात. ती भांडणं योगीराजला ठाऊक होती. भांडणारे शरदातले लोक आहेत, असं तो म्हणायचा.

तो मूळचा खानापूरचा. घरात मराठी, बाजारात कन्नड, बेळगावात डिप्लोमा, आणि विशीतच बंगळुरात पीण्या वसाहतीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात चिकटला. बेअरिंगा आणि पोलाद विकायला येणाऱ्यांकडून चार पैसे कमी करून घेणं ही त्याची नोकरी होती, आणि स्वभावही तोच होता. असा माणूस एरवी सट्ट्याच्या वाटेला जायचा नाही. पण दोन हजार सात साली कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा देणारासुद्धा शेअर घ्यायला लागला, तेव्हा योगीराजचाही पाय घसरला. पुढच्या वर्षी बाजार कोसळला आणि निम्म्याहून अधिक पुंजी गेली. दोन महिने तो कुणाशी धड बोलला नाही. मग कधीतरी इंटरनेटवर त्याला ही लांब लाट सापडली, आणि त्याच्या जिवात जीव आला. आपण मूर्ख नव्हतो, ऋतू वाईट होता! तेव्हापासून त्यानं लाटेला सोडलं नाही.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो हे ठीक आहे. योगीराज पाणीसुद्धा फुंकायला लागला. बेळ्ळंदूरला त्यांचा फ्लॅट होता, तिथल्या तलावाला घाणीनं फेस यायच्या आधी घेतलेला, कर्ज फिटलेला. स्वयंपाकघरातल्या फरश्या महानंदानं तीन दुकानं फिरून पसंत केल्या होत्या. दोन हजार तेरा साली योगीराजनं तो विकला, कारण आयटीचा फुगा फुटणार होता आणि घरं मातीमोल होणार होती. मातीमोल झाली की दोन घेऊ, असं त्यानं बायकोला सांगितलं. आज त्या फ्लॅटची किंमत चौपटीवर गेली आहे. मुलगी सुप्रीता व्हाइटफील्डला राहते. तिच्याकडे जाताना रिंग रोडवर गाडी हटकून त्या इमारतीसमोरच अडकते, आणि महानंदा दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसते.

हिवाळ्याची बेगमी मात्र जोरात चालली होती. तांदूळ, ज्वारी, गूळ, सोन्याची वळी, दगडी जातं, लाकडावर पेटणारी शेगडी. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात लाकडं कुठून आणणार, हे विचारायची सोय नव्हती. ज्वारीला टोके व्हायचे. महानंदा दर उन्हाळ्यात ती गच्चीवर वाळत घालायची आणि कबुतरांना शिव्या द्यायची. पाण्याची दोन पिंपं होती. मध्यंतरी एका उन्हाळ्यात शहरातल्या बोअरवेल आटल्या तेव्हा ती पिंपं तीन दिवस उपयोगी पडली, आणि त्या तीन दिवसांबद्दल योगीराज पुढं वर्षभर बोलत होता.

"माणसं हसतात की तुम्हाला," महानंदा म्हणायची.

"शरदात हसतात. हिवाळ्यात येतील दारात."

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये बाजार धाडकन पडला, दुकानं बंद झाली, रस्ते ओस पडले. सगळी इमारत जीव मुठीत धरून बसलेली असताना योगीराजनं टाळी वाजवली. "आला! हिवाळा आला!" सुप्रीता तेव्हा बाळंतपणाला आलेली होती. ती महिनाभर बापाशी बोलली नाही. आणि इथंच योगीराजनं ते केलं, जे न करण्याबद्दल तो बारा वर्षं जगाला बजावत होता. बाजार अजून पडणार यावर त्यानं पैसे लावले, प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन. बाजार उठला आणि असा चढत सुटला की मागं वळून बघायला तयार नाही. योगीराज बुडाला. अंदाज चुकला असं तो आजही म्हणत नाही. सरकारांनी नोटा छापून हिवाळा पुढं ढकलला, असं म्हणतो.

तर आता उरलेल्या पैशाचं काय करायचं? बँकेत ठेवायचा तर बँक बुडणार. शेअर नको. जमीन नको. तेव्हा त्याच्या डोक्यात लीजची कल्पना आली, आणि ती त्याला इतकी आवडली की आठवडाभर तो स्वतःशीच हसत होता.

बंगळुरात घर मिळवायची ही एक तिसरीच रीत आहे. विकत नाही आणि भाड्यानंही नाही. मालकाला एकरकमी मोठा पैसा द्यायचा, तीन वर्षं एक रुपया भाडं न देता राहायचं, आणि जाताना दिलेली रक्कम जशीच्या तशी परत घ्यायची. मालकाला बिनव्याजी भांडवल, राहणाऱ्याला बिनभाड्याचं घर. पाट्यांवर 'लीज' लिहितात, जुनी माणसं 'भोग्य' म्हणतात. हजारो लोक राहतात असे, आणि बहुतेकांचं सुरळीत पार पडतं. योगीराजला यात मोक्ष दिसला. पैसा बाजारात नाही, बँकेत नाही, विटा-सिमेंटमध्ये अडकवलेला, आणि आपण त्याच विटांच्या आत झोपलेले. लाट आली तर डोक्यावरून जाईल!

मालक मिळाला तोही आपल्याकडचा. देवाप्पा चिकोडी भागातला, बांधकामाचे ठेके घेऊन निवृत्त झालेला, तळमजल्यावर राहणारा. कपाळाला विभूती, बोलायला मराठी. पहिल्याच भेटीत त्यानं जेवायला बसवलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. योगीराजला गहिवरून आलं. ज्या माणसानं जगातल्या एकाही बँकेवर विश्वास ठेवला नाही, त्यानं शेंगाचटणीवर अठ्ठावीस लाख ठेवले. कागद केला तोसुद्धा साध्या स्टॅम्पपेपरवर. नोंदणी केली असती तर फी पडली असती, आणि चार पैसे वाचवायची सवय कुठं जाते? पुढं तीन वर्षं त्यानं हनुमंतनगर ते बसवनगुडी जो भेटेल त्याला सांगितलं की मी माझा पैसा व्यवस्थेच्या बाहेर काढला.

यंदा जूनमध्ये योगीराज निवृत्त झाला. महानंदानं त्याच आठवड्यात विषय काढला. तिची बहीण कस्तुरी बेळगावला शहापुरात राहते. तिच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर विकायला होतं, तळमजल्याचं, पुढं थोडं अंगण. महानंदाचे गुडघे गेलेले. जिने चढून ती वैतागली होती. भाव योगीराजच्या लीजच्या रकमेत बसत होता.

"पडतील की किमती अजून," योगीराज सवयीनं म्हणाला.

"पडू देत. पडल्या घरात राहीन मी," महानंदा म्हणाली. "बारा वर्षं दुसऱ्याच्या भिंती पुसल्या. मला माझं घर पाहिजे. लाट येऊ दे, नाहीतर न येऊ दे."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर योगीराजनं वाद घातला असता. दुसऱ्या दिवशी तो हो म्हणाला. बेळगावच्या घराला इसार दिला, दिवाळीच्या आत बाकीचे पैसे द्यायचे ठरले. कितीतरी वर्षांनी महानंदा चार दिवस गाणं गुणगुणत होती.

योगीराजनं देवाप्पाला खाली जाऊन सांगितलं, मुदत संपते, आम्ही निघणार, पैसे तयार ठेवा. "सरी सरी," म्हणजे बरं बरं, देवाप्पा म्हणाला. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा "सरी". मग एकदा तो गावाला गेलेला होता, एकदा त्याची शुगर वाढलेली होती, एकदा तो फोन उचलत नव्हता, खाली त्याच्या घरात वाजताना वर ऐकू येत होता तरी. शेवटी एका सकाळी त्यानं देवाप्पाला फाटकाशीच गाठलं.

"देवाप्पा, खरं सांगा. पैसे आहेत का नाहीत?"

देवाप्पानं इकडं तिकडं बघितलं आणि त्याला आत नेलं. पैसे नव्हते. थोडे वरचा मजला बांधताना गेले होते. बाकीचे त्याचा मुलगा अभिजीत घेऊन गेला होता, मोबाईलवर ऑप्शन खेळायला. पहिल्या वर्षी त्यानं बापाला नवी स्कूटर घेऊन दिली होती. आता तो मैसूरला सासुरवाडीत राहत होता आणि बापाचा फोन घेत नव्हता.

"ऑप्शन?" योगीराज म्हणाला. "माझे पैसे बाजारात?"

"मला काय कळतंय अण्णा त्यातलं? पोरगं म्हणालं डबल होतील." देवाप्पाचा चेहरा खरोखरच रडवेला झाला होता. "पण तुम्ही घाबरू नका की. तुमचा पैसा कुठं जात नाही. वर घर आहे ना? नवीन माणूस बघू. तो अठ्ठावीस देईल, तीस पण देईल. ते घेऊन तुमचे देतो. इकडं कितीतरी जण असंच करतात."

"आणि त्याचे?"

"त्याच्यानंतर येईल त्याचे. स्वल्प अॅडजस्ट करायचं, अण्णा."

या चक्राला काय म्हणतात, ते कसं फिरतं आणि शेवटच्या माणसापाशी कसं थांबतं, हे योगीराजनं आजवर शंभर जणांना समजावून सांगितलं होतं. आता तो स्वतः त्याच्या मधोमध उभा होता आणि मागून कुणीतरी यावं म्हणून वाट बघणार होता. वकिलाकडे जाऊन आला. वकिलानं स्टॅम्पपेपर उलटासुलटा बघितला, नोंदणी नाही हे बघून सुस्कारा टाकला आणि म्हणाला, केस करता येईल, जिंकताही येईल कदाचित, पण वर्षं जातील. आणि जिंकून वसूल कशातून करणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

योगीराजनं महानंदाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "म्हणजे दुसरा कुणीतरी शोधायचा," एवढंच म्हणाली. मग दोघांनी मिळून मराठी लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिरात टाकली. शांत वस्ती, भरपूर पाणी, शेजारी प्रेमळ. शेवटचे दोन शब्द योगीराजनं घातले आणि मग बराच वेळ फोनकडे बघत बसला.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मल्हार आणि श्वेता घर बघायला आले. लग्नाला दोन वर्षं झालेली. तो नाशिकचा, ती पुण्याची. श्वेता बसवनगुडीच्या एका शाळेत शिकवायची. मल्हार ऑगस्टपर्यंत बेळ्ळंदूरला एका कंपनीत होता. ऑगस्टमध्ये कंपनीनं त्याची अख्खी टीमच काढून टाकली.

"पॅकेज बरं दिलं त्यांनी, काका," तो उप्पिटाची बशी हातात घेऊन म्हणाला. "पण जॉब मिळायला सहा महिने लागतील, वर्ष पण लागेल, काही सांगता येत नाही. भाड्यातच सगळं संपेल. म्हणून म्हटलं, पॅकेज आणि हिच्या बाबांनी दिलेले, असे सगळे एकदम लीजमध्ये टाकू. निदान डोक्यावर छप्पर फिक्स. पैसे सेफ."

योगीराजनं आपली बशी खाली ठेवली. तीन वर्षांपूर्वी तो हेच बोलला होता, फक्त जास्त वेळ बोलला होता.

श्वेता महानंदाबरोबर स्वयंपाकघर बघून आली. ओटा तिला फार आवडला. पाणी किती वाजता येतं, गॅसवाला कोण, दूध कुठून, सगळं विचारून झालं. मग ती योगीराजसमोर बसली आणि सरळ म्हणाली, "काका, एक विचारू? पैसे परत मिळतात ना पण नक्की? तुम्ही इतकी वर्षं राहिलात, तुमचा अनुभव काय?"

महानंदा दारात उभी होती. तिनं योगीराजकडे बघितलं नाही, श्वेताकडेही बघितलं नाही.

"त्याचं असं आहे," योगीराज म्हणाला, "पैसे परत मिळणं न मिळणं हे काळावर असतं. तुम्ही लांब लाटेबद्दल ऐकलंय का?"

आणि त्यानं सुरुवात केली. वसंत, उन्हाळा, शरद. एकोणीसशे तीसची मंदी. लोकांकडचं कर्ज कसं वाढतं, तारण म्हणून ठेवलेल्या वस्तूची किंमत कशी फुगते, एकाचं देणं दुसऱ्याच्या येण्यावर कसं उभं असतं. "अशा काळात कुणाच्याही हातात मोठी रक्कम देणं धोक्याचं असतं," तो म्हणाला. अगदी हेच शब्द म्हणाला. त्याला बोलताना फार मोकळं वाटत होतं. जीभ आपोआप चालत होती, हात हवेत लाटा काढत होते. आणि बोलता बोलताच त्याला दिसलं की मल्हारची नजर हळूच फोनकडे गेली, श्वेतानं जांभई ओठांत दाबली. हे चेहरे त्याच्या ओळखीचे होते. सतरा वर्षं तो हेच चेहरे बघत आला होता. एरवी ते दिसले की त्याचं डोकं फिरायचं. आज त्याला हायसं वाटलं.

"इंटरेस्टिंग आहे, काका," मल्हार उठत म्हणाला. "मी पण यावर एक पॉडकास्ट ऐकला होता. तर मग आम्ही खाली मालकांना भेटतो. आवडलंय घर. आजच टोकन देऊन टाकतो, नाहीतर दुसरं कुणी घेईल."

दोघं वाकून नमस्कार करून जिना उतरून गेली.

महानंदा बशा गोळा करायला लागली. योगीराज खुर्चीतच बसून होता.

"छान सांगितलंत," ती म्हणाली.

"म्हणजे काय? सांगितलं ना मी! धोका आहे म्हणून स्पष्ट सांगितलं. आणखी काय सांगू? माझ्या तोंडानं सांगितलं. नाही ऐकलं तर माझा दोष आहे का?"

"त्या पोरीनं एक प्रश्न विचारला होता."

"मी उत्तर दिलं."

"तुमचं ते लाटेचं कुणी ऐकत नाही," महानंदा म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे ते. जगात सगळ्यांत जास्त तुम्हालाच माहीत आहे. म्हणून तेच सांगितलंत."

योगीराज ताडकन उठला. त्याला सगळ्यांचा राग आला होता, बायकोचा, देवाप्पाचा, त्या पळपुट्या अभिजीतचा, बशीत अर्धं उप्पीट टाकून गेलेल्या त्या पोराचा, त्या मेल्या लाटेचा. "मग काय करू? जाऊन सांगू? आणि तुझं घर? तुझं बेळगावचं घर आहे त्यात! सांग ना, जाऊ का नको?"

महानंदानं बशा खाली ठेवल्या.

"मला नका विचारू," ती म्हणाली. "मला विचारलंत तर मी नको म्हणेन."

आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. नळ सोडल्याचा आवाज आला.

योगीराज दारापर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला. अठ्ठावीस लाख. आयुष्याची पुंजी म्हणावी ती एवढीच उरली होती. ही पोरं तरुण होती, कमावतील, त्यांचे आईबाप होते. त्यांना तीन वर्षांनी दुसरं कुणी सापडेलच की, सापडतंच. देवाप्पा काही लबाड नव्हता. आणि आपण कोण असे लागून गेलो? आपल्याला कुणी सांगितलं होतं का? या शेवटच्या प्रश्नावर त्याचा त्यालाच संताप आला. त्याला सगळ्या जगानं सांगितलं होतं. नोंदणी करा, असं जावई राजसनं फोन करकरून सांगितलं होतं. ऐकत नव्हता तोच. चपला न घालताच तो जिना उतरला.

खाली देवाप्पाच्या पुढच्या खोलीत सगळं जमून आलं होतं. देवाप्पा खुर्चीवर, समोर पोरं, टेबलावर केळी आणि कॉफी. मल्हारनं फोन वर धरला होता आणि देवाप्पा त्याला आपला खाते क्रमांक हळूहळू वाचून दाखवत होता.

"थांबा," योगीराज म्हणाला.

तिघांनी वर बघितलं. इतकी वर्षं बोलत आलेल्या माणसाला चार शब्द जुळवता येईनात. लाट नको, ऋतू नको, तीस साल नको. मग उरतं काय?

"यांच्याकडं पैसे नाहीत," तो म्हणाला. "माझे अठ्ठावीस लाख अडकलेत. तुम्ही जे द्याल ते मला मिळणार. तुम्हाला परत द्यायला यांच्याकडं काही असणार नाही."

देवाप्पा अर्धवट उठला. "अण्णा! काय बोलताय हे?"

"खोटं असेल तर सांगा, देवाप्पा."

देवाप्पानं खोटं आहे असं म्हटलं नाही. तो पुन्हा खाली बसला आणि पंच्यानं तोंड पुसायला लागला. मल्हारनं श्वेताकडे बघितलं. श्वेतानं मान हलवली. त्यानं फोन खिशात घातला. बस्स, एवढंच झालं. त्याला एकही प्रश्न विचारावासा वाटला नाही, एकही शंका आली नाही.

"थँक यू, काका," श्वेता जाताना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आमचे सगळेच होते हो ते."

फाटक वाजलं. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

"हे काय केलंत, अण्णा," देवाप्पा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "मी कुठनं देऊ आता? राहा मग वरच. तीन वर्षं राहा, दहा वर्षं राहा. माझ्याजवळ दुसरं काय आहे?"

योगीराज जिना चढून वर आला. दार उघडंच होतं. जिन्यातून वर सगळं ऐकू येतं.

"कळलं त्यांना?" महानंदानं विचारलं.

"कळलं."

ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. योगीराज बैठकीत उभा राहिला. कुणीतरी आपलं ऐकावं म्हणून त्यानं सतरा वर्षं घसा फोडला होता, पैसा घालवला होता, मुलीला दुखावलं होतं. आज एकानं ऐकलं. अर्ध्या मिनिटात ऐकलं, आभार मानले आणि वाचून निघून गेला. योगीराजला बरं वाटायला हवं होतं. त्याला त्या पोराचा हेवा वाटला आणि रागही आला.

आत महानंदा बहिणीशी बोलत होती. "कस्तुरी, ते घर राहू दे गं. त्यांना सांग, दुसरं कुणी असेल तर देऊन टाका म्हणावं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. योगीराजनं कान दिला. आता आपली सगळी कथा बेळगावात ऐकवली जाणार, सोळा आणे खरी, आणि त्यावर बोलायला आपल्याला तोंड असणार नाही.

"नाही गं, ह्यांचं काही नाही," महानंदा म्हणाली. "मलाच आता बंगळूर सोडवत नाही."